ग्रीक भांड्यांवरचा काळा रंग हा मुळात रंगच नाही

प्राचीन ग्रीक भांडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर साधारण एकच चित्र येतं, नारिंगी-तांबूस भांडं आणि त्यावर काळे काळे ढाल-भालेवाले लोक, नाहीतर बरोब्बर उलटं, काळं भांडं आणि त्यावर तांबडे लोक. ग्रीक रेस्टॉरंटच्या मेन्यूकार्डावर, फ्रिज मॅग्नेटवर, टी-शर्टवर सगळीकडे हेच. आणि बघणारा गृहीत धरतो की कुणीतरी काळा रंग घेतला, ब्रश घेतला आणि रंगवलं. तर तसं अजिबात नाहीये. त्या भांड्यांवर काळा रंग नाहीच! भांड्याला जी माती वापरलीय तीच माती काळ्या भागाला, फक्त जास्त बारीक गाळलेली, आणि ती काळी झालीये ती आव्यातली हवा कधी सोडली आणि कधी कोंडली यामुळे. हे कळल्यापासून मी या भांड्यांच्या नादी लागलेय आणि घरातल्यांना इतकं पिडलंय की आता ब्लॉगवर लिहून मोकळी होते.

मी म्युनिकला राहते, आणि इथे क्योनिग्सप्लात्झवर प्राचीन कलेचं एक म्युझियम आहे, आंटिकेनझामलुंगेन, नाव भयंकर आहे पण रविवारी तिकीट १ युरो असायचं आणि गर्दी शून्य. पाहुणे आले की आपण त्यांना बीएमडब्ल्यू म्युझियम नाहीतर नॉयश्वानस्टाइनचा किल्ला दाखवतो, इकडे कुणी फिरकत नाही. पण जगातली काही भारीतली ग्रीक भांडी इथे काचेमागे निवांत बसलेली आहेत, त्यातल्या काहींबद्दल पुढे सांगतेच.

आधी ती मातीची भानगड. अथेन्सच्या आजूबाजूच्या मातीत लोह भरपूर, भाजली की छान नारिंगी-लाल होते. तिथले कुंभार ती पाण्यात कालवून ठेवायचे, जाड कण तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात, मग परत तेच, परत तेच, असं करत शेवटी जो अगदी मऊ बारीक गाळ हाती लागायचा तो आटवून दाट केला की झाला त्यांचा ‘रंग’, पॉटरीवाले ज्याला स्लिप म्हणतात. भांडं चाकावर घडवायचं, अर्धवट सुकू द्यायचं, घासून गुळगुळीत करायचं आणि मग त्यावर या लेपाने चित्र काढायचं. आता विचार करा, लेप त्याच मातीचा, म्हणजे तांबूस तपकिरीवर किंचित गडद तपकिरी, फारसा फरकच दिसत नाही! काळं-लाल जे काही आपल्याला इतकं ठसठशीत दिसतं ते चितारणाऱ्याला काम करताना दिसत नव्हतं, ते फक्त त्याच्या डोक्यात होतं.

मग आवा. पहिल्या टप्प्यात हवा खेळती ठेवायची, तापमान साधारण ८०० डिग्रीपर्यंत न्यायचं, भांडं लेपासकट लालच लाल. दुसऱ्या टप्प्यात हवेच्या वाटा बंद आणि आत ओली लाकडं, की धूर कोंडतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ऑक्सिजन पाहिजे असतो आणि तो सरळ मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडमधून ओढून घेतो, लाल हेमॅटाइटचं काळं मॅग्नेटाइट होतं आणि अख्खं भांडं काळंठिक्कर पडतं. याच वेळी तापमान ९००-९५० च्या घरात गेलेलं असतं आणि तेवढ्या उष्णतेत लेपाचे बारीक कण वितळून एकमेकांना चिकटतात, काचेसारखा घट्ट थर होतो, भांड्याची जाडसर माती मात्र सच्छिद्रच राहते. तिसऱ्या टप्प्यात आवा थोडा निवला की परत हवा सोडायची. सच्छिद्र मातीत ऑक्सिजन शिरतो, ती पुन्हा लाल होते, आणि लेपाचा थर आधीच सील झालेला असल्यामुळे तिथे आत जायला वाटच नसते, तो काळा तो काळाच. एकाच भाजणीत दोन रंग, तेही एकाच मातीतून.

हे सगळं थर्मामीटर नसताना बरं का. आव्याला बघायचं भोक असायचं आणि तुटक्या भांड्यांचे भोक पाडलेले तुकडे लेप लावून आत ठेवायचे, आकड्याने एकेक बाहेर काढून बघायचं काय अवस्था आहे, असे तुकडे अथेन्समध्ये सापडलेत. आणि ग्रीसमधल्याच कॉरिंथ शहराजवळ पेंटेस्कूफिया नावाच्या ठिकाणी इ.स.पू. सहाव्या शतकातल्या मातीच्या छोट्या पाट्या मिळाल्या, त्यावर कुंभारांनी चक्क आपल्याच धंद्याची चित्रं काढलीयेत, माती खणणारे लोक, चाकावर बसलेला माणूस, धगधगणारा आवा आणि हातात आकडा घेऊन वरच्या धुराड्याशी खटपट करणारा एक जण. मला तर देवादिकांच्या चित्रांपेक्षा या पाट्या जास्त आवडतात.

फसायचंही अर्थात. म्युझियममध्ये नीट बघितलंत तर बऱ्याच भांड्यांवर एखादा भाग काळ्याऐवजी विटकरी राहिलेला दिसेल, कारण आव्यात दोन भांडी एकमेकांना टेकली किंवा त्या कोपऱ्यात धूर पोचला नाही किंवा लेप पातळ लागला. असा डाग दिसला की मला उगाच आनंद होतो.

यात एक छोटं विषयांतर करते. हवा देणं-कोंडणं हे तंत्र काही एकट्या ग्रीकांची मक्तेदारी नव्हे. आपल्या विदर्भात नागपूरजवळ माहुरझरीला लोहयुगातली जी शिळावर्तुळं आहेत तिथे काळी-तांबडी भांडी मिळतात, आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. तिथेही खेळ ऑक्सिजनचाच. फरक इतकाच की तिथे भांड्याचे दोन भाग दोन रंगांचे होतात, आणि अथेन्सवाल्यांनी ते इतकं हातात आणलं की एका पापणीचा केस काळा आणि शेजारची जागा लाल.

तर गंमत अशी की हे तंत्र पुढे विसरलं गेलं, पार विसरलं गेलं. अठराव्या शतकात इटलीतल्या जुन्या थडग्यांतून ही भांडी ढिगाने निघायला लागली (एट्रुस्कन म्हणजे रोमनांच्या आधीचे मध्य इटलीतले लोक, ते अथेन्सचे मोठे गिऱ्हाईक होते आणि भांडी थडग्यात ठेवायचे, म्हणून तर ती इतकी धडधाकट मिळाली) तेव्हा लोकांना आधी वाटलं ही एट्रुस्कनच आहेत. इंग्लंडमधल्या जोसाया वेजवुडने १७६९ साली नवा कारखाना काढला त्याचं नाव एट्रुरिया, म्हणजे एट्रुस्कनांचा प्रदेश, असं ठेवलं, आणि पहिल्या दिवशी जी भांडी केली त्यावर ग्रीक पद्धतीची लाल चित्रं होती. पण त्याने काय केलं, तर माती आधीच काळी करून घेतली आणि त्यावर लाल रंग वरून चढवला. म्हणजे दिसायला तसंच पण आतून पूर्ण उलटं. ग्रीकांच्या भांड्यावर लाल म्हणजे मोकळी सोडलेली जागा!

खरं कोडं सुटायला १९४२ उजाडावं लागलं. थिओडोर शुमान नावाच्या जर्मन केमिस्टने दाखवलं की बारीक लेप आणि तीन टप्प्यांची भाजणी एवढंच पुरे, वेगळा काळा पदार्थ लागतच नाही. नंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जोसेफ व्हीच नोबल यांनी स्वतः भांडी भाजून हे पडताळून बघितलं आणि १९६५ साली त्यावर पुस्तक काढलं. या नोबलसाहेबांचा एक किस्सा फार भारी आहे. मेट्रोपॉलिटनकडे तीन भलेमोठे मातीचे एट्रुस्कन योद्धे होते, १९१५ ते १९२१ च्या दरम्यान विकत घेतलेले, शान होती म्युझियमची. नोबलना काळ्याचं वेड असल्यामुळे त्यांनी योद्ध्यांवरचा काळा तपासायला घेतला आणि त्यात निघालं मँगनीज. जुन्या काळ्यात लोह असतं, मँगनीजने काळं करणं म्हणजे नव्या लोकांचा शॉर्टकट. पुढे जानेवारी १९६१ मध्ये अल्फ्रेदो फियोरावांती नावाच्या म्हाताऱ्याने रोममध्ये लेखी कबुली दिली की हो, आम्हीच बनवले, आणि पुरावा म्हणून एका योद्ध्याचा तुटका अंगठा त्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता, तो मूर्तीला बरोब्बर बसला. नकली मालाचा अंगठा सांभाळून ठेवणारा माणूस, काय म्हणायचं याला.

आता चित्रांकडे येऊ. पहिली पद्धत काळ्या आकृत्यांची, ब्लॅक-फिगर, ही सुरू झाली कॉरिंथमध्ये इ.स.पू. ७०० च्या आसपास आणि नंतर अथेन्सने उचलली. माणूस पूर्ण लेपाने भरायचा, सावलीसारखा, आणि मग टोकदार हत्याराने त्यातून ओरखडे काढून डोळे, स्नायू, कपड्यांच्या चुण्या दाखवायच्या, ओरखड्यातून खालची लाल माती दिसते. बायकांची कातडी पांढरी, दाढी वगैरेला जांभळट लाल, पण मुख्य काम ओरखड्याचं. चुकलं तर खोडता येत नाही.

या पद्धतीचा बादशहा म्हणजे एक्झेकियास. त्याची सगळ्यात प्रसिद्ध सुरई (अँफोरा) व्हॅटिकनमध्ये आहे, इ.स.पू. ५४०-५३० ची, ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्स लढाईच्या मधल्या वेळात सोंगट्यांसारखा काहीतरी खेळ खेळत बसलेत. दोघं पटावर वाकलेले, हातात भाले तसेच, अकिलीसचं शिरस्त्राण डोक्यावर, एजॅक्सने काढून मागे ढालीवर ठेवलेलं. आणि दोघांच्या तोंडापुढे अक्षरं लिहिलीयेत, अकिलीस म्हणतोय ‘चार’, एजॅक्स म्हणतोय ‘तीन’. बस्स, एवढंच चित्र! पण बघणाऱ्या ग्रीक माणसाला माहीत होतं की अकिलीस लवकरच मरणार, त्याचं प्रेत हाच एजॅक्स उचलून आणणार, आणि मग अकिलीसची शस्त्रं आपल्याला मिळाली नाहीत या अपमानात स्वतःला संपवणार. दोघांच्या अंगावरचे कपडे बघा, त्यावरचं नक्षीकाम केसासारख्या ओरखड्यांनी केलंय, मी फोटो झूम करून बघताना अक्षरशः श्वास रोखला होता. ती आत्महत्याही एक्झेकियासने रंगवलीय, ती सुरई फ्रान्समध्ये बूलोन्यला आहे, आणि बाकीचे चित्रकार तलवारीवर पडलेला एजॅक्स दाखवतात तिथे याने दाखवलाय एकटा एजॅक्स गुडघ्यात वाकून तलवार उभी रोवतोय आणि तिच्या मुळाशी माती थापटून घट्ट करतोय. हे कुणाला सुचावं!

म्युनिकमध्ये याच एक्झेकियासचा वाइनचा पसरट प्याला आहे. आत वाइनचा देव डायोनायसस आपल्या गलबतात आडवा पडलाय, डोलकाठीवर द्राक्षाचा वेल चढलाय, भोवती डॉल्फिन. समुद्र काही रंगवलेलाच नाही, नुसती तांबूस-पोवळ्यासारखी चकचकीत पार्श्वभूमी आहे, तो आणखी एक वेगळा लेप, फार अवघड आणि सहज निघून येणारा म्हणून फार कमी लोकांनी वापरलेला. वाइन ओतली की समुद्र भरायचा आणि पिऊन संपली की देव दिसायचा. या प्याल्यांचा वापर काही देवघरातला नव्हता हं, ही दारूच्या पार्टीतली भांडी, सिंपोझियमची. तळाची उरलेली वाइन नेम धरून फेकायचा कोट्टाबोस नावाचा खेळ असायचा, आणि वुर्झबर्गच्या म्युझियममधल्या एका प्याल्यात तर तळाशी चित्र काय, एक तरुण ओकतोय आणि एक मुलगी त्याचं डोकं धरून उभी आहे. तुम्ही पिऊन पिऊन तळ गाठलात की हे दिसणार. ग्रीकांना अगदी संगमरवरी आणि गंभीर समजणाऱ्यांनी हा प्याला जरूर बघावा.

मग इ.स.पू. ५३०-५२० च्या सुमाराला अथेन्समध्ये कुणीतरी सगळं उलटं केलं. आकृती मोकळी सोडायची, पार्श्वभूमी लेपाने भरायची, आणि आकृतीतले तपशील ओरखड्याऐवजी ब्रशने. हीच रेड-फिगर. आपल्याला वाटेल की नुसता निगेटिव्ह-पॉझिटिव्हचा फरक, पण नाही, ओरखडा एकाच जातीचा असतो, लेप मात्र पातळ करता येतो, दाट करता येतो, पातळ लेप भाजून मधासारखा सोनेरी होतो, त्याने पोटाचे स्नायू, गालावरची कोवळी लव, केसांची टोकं असं सगळं हळुवार दाखवता येतं. म्युनिकला एक सुरई आहे जिच्या दोन्ही बाजूंना एकच प्रसंग आहे, ग्रीक पुराणातला महाबली हेराक्लिस पलंगावर रेललाय आणि समोर अथीना देवी उभी, एका बाजूला जुन्या काळ्या पद्धतीत, दुसऱ्या बाजूला नव्या लाल पद्धतीत. दोन्ही एकाच हातच्या की दोघांच्या यावर तज्ज्ञ अजून भांडतात. मी फेऱ्या मारून मारून दोन्ही बघते आणि खरं सांगू, मला काळीच जास्त आवडते. लालवाला हेराक्लिस जास्त माणसासारखा दिसतो हे मान्य, पण काळ्यात जो दरारा आहे तो लालमध्ये गेला.

पुढच्या पिढीने मात्र लालचं सोनं केलं. युफ्रोनियोस, युथिमिडीस, फिंटियास ही मंडळी एकमेकांना ओळखणारी, एकमेकांवर कुरघोडी करणारी, नवीन नवीन पोझ ट्राय करणारी. इ.स.पू. ५१० च्या सुमाराच्या एका सुरईवर युथिमिडीसने तीन नाचणारे दारुडे काढलेत, त्यातल्या एकाची पाठ आपल्याकडे आणि अंग पिळवटलेलं, तोवर असं कुणी सहसा काढत नव्हतं, आणि शेजारी लिहिलंय ‘युफ्रोनियोसला कधीच न जमलेलं’. अडीच हजार वर्षं झाली तरी टोमणा शाबूत! हीसुद्धा म्युनिकलाच आहे. अर्थात नशिबाची थट्टा बघा, पुढे जास्त गाजला तो युफ्रोनियोसच. त्याचं सार्पेडॉन या ट्रॉयच्या बाजूच्या वीराच्या मृत्यूचं चित्र असलेलं वाइन कालवायचं भांडं मेट्रोपॉलिटनने १९७२ साली साधारण दहा लाख डॉलरला घेतलं, नंतर निघालं की ते इटलीतल्या चेर्वेतेरीच्या थडग्यातून चोरून खणलेलं होतं, मग बरीच वर्षं भांडून २००८ मध्ये ते इटलीला परत गेलं.

बहुतेक भांड्यांवर सही मात्र नसतेच. मग कुणी काढलं हे कसं कळणार, तर ऑक्सफर्डचे जॉन बीझली आयुष्यभर कान, घोटे, डोळ्यांचे कोपरे, गुडघ्याच्या रेषा बघत बसले, कारण माणूस चेहरा मन लावून काढतो पण घोटा सवयीने काढतो, आणि त्यांनी हजारो भांडी शेकडो हातांमध्ये वाटून दिली. नाव माहीत नाही तर नाव पाडायचं, बर्लिनच्या भांड्यावरून बर्लिन पेंटर, डुकराच्या चित्रावरून पिग पेंटर, आणि एकाला तर बिचाऱ्याला वर्स्ट पेंटर. मेल्यावर दोन हजार वर्षांनी असं नाव मिळावं, देवा.

पांढऱ्या लेपावरची एक तिसरी पद्धतही आहे, थडग्यावर ठेवायच्या तेलाच्या उभट कुप्यांवर वापरलेली, नाजूक रेघा आणि भाजल्यानंतर लावलेले निळे-गुलाबी रंग, जे आता बहुतेक उडून गेलेत. यातल्या काही कुप्यांच्या आत गळ्याशी एक छोटीशी आतली कुपी बसवलेली असते, म्हणजे तेल घालायचं इतकुसं आणि दिसायचं तुडुंब भरलेलं. मयताच्या खर्चात काटकसर तेव्हाही चालायचीच.

आता माझ्या सध्याच्या खुळाबद्दल. रेड-फिगर भांडं कधी समोर आलं तर सरळ बघू नका, थोडं वाकून तिरक्या उजेडात बघा (गार्ड विचित्र नजरेने बघतो, बघू दे). दोन गोष्टी दिसतील. एक, ओल्या मातीवर बोथट काडीने काढलेलं कच्चं स्केच, त्याचे हलके खळगे, आणि कधीकधी फायनल हात किंवा भाला स्केचपेक्षा वेगळ्या जागी सरकलेला, म्हणजे चितारणाऱ्याने आयत्या वेळी विचार बदललाय. दुसरी, काळ्या रेघा सपाट नसतात, उठलेल्या असतात, हात लावू दिला तर बोटाला लागतील अशा. काही दोरीसारख्या गोल, काहींच्या मधोमध बारीक चर, आणि शेवटपर्यंत जाडी एकसारखी, ब्रशची रेघ जशी सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक होते तशी होत नाही.

ही रेघ कशाने काढली यावर वाद आहे. नोबल म्हणाले की केकवर आयसिंग काढतात तशी काहीतरी पिचकारी असणार. नंतर १९७६ साली झायटर्ले नावाच्या संशोधकाने म्हटलं, पिचकारी कशाला, एखादा-दुसरा लांब केस काडीला बांधायचा, दाट लेपात बुडवायचा, भांड्यावर अख्खा आडवा टेकवायचा आणि उचलायचा किंवा ओढायचा. मला केसाची बाजू पटते, कारण पिचकारी म्हणावी तर तशी वस्तू कुणाला सापडलेली नाही आणि केस काय मातीत कुजूनच जाणार. माझ्या पॉटरी क्लासमध्ये मी स्वतःचा केस बांधून करून बघितलं, सरळ लांब रेघ बऱ्यापैकी येते पण नाकपुडीएवढा बाक घ्यायचा म्हटलं की केस लोळतो, माणसाचा केस फारच मऊ पडतो. थोडा राठ केस पाहिजे, घोड्याच्या शेपटीचा वगैरे. पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय, कुणाच्या ओळखीत टांगेवाला किंवा घोडेवाला असेल तर कळवा, चारपाच केस पुरे.